रंग आणि प्रिझर्वेटिव्ह सुरक्षित आहेत का, हे कसं तपासायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या खाद्यउद्योगांसाठी पायरीपायरीने

उन्हाळा तोंडावर आला की ठाणे-नवी मुंबईतल्या बचत गटांची, घरगुती उद्योगांची पन्हं-सरबतांची लगबग सुरू होते. गावदेवी मैदानावरचं प्रदर्शन असो की वाशीचा एखादा महोत्सव, पिवळ्याधमक बाटल्यांची रांग लागलेली असते. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत सोडियम बेंझोएट हे प्रिझर्वेटिव्ह असतं आणि काहींत टार्ट्राझिनचा रंग. बनवणाऱ्या ताईंना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "दुकानदार म्हणाला, एफएसएसएआय मान्य आहे." (एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण.)

माझं म्हणणं असं की या उत्तरात अर्धीच गोष्ट आहे. अ‍ॅडिटिव्ह म्हणजे रंग, प्रिझर्वेटिव्ह असे खाण्यात मिसळायचे घटक. मान्यता मिळते ती ठरावीक अ‍ॅडिटिव्हला, ठरावीक खाद्यप्रकारात, ठरावीक मात्रेपर्यंत. ती मात्रा ज्या अभ्यासांवरून काढली, त्यांतला आकडा असतो शरीराच्या दर किलो वजनामागे. म्हणून सुरक्षिततेचा हिशेब डब्यावरच्या शिक्क्याशी थांबत नाही. तुमची बाटली घरी नेऊन कोण पिणार आहे, त्याचं वजन किती, तो दिवसाला किती ग्लास पिणार, इथपर्यंत तो न्यावा लागतो. हा हिशेब विज्ञानाची पदवी नसतानाही करता येतो. कसा, ते समजावं म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतो: ऐरोलीतला एक कल्पित गट, आणि त्याचं एकास चार पाणी घालून प्यायचं कैरीच्या पन्ह्याचं सिरप.

पायरी १: हातात आहे ते नेमकं काय, हे ओळखा

"खायचा पिवळा" हे काही रंगाचं नाव नव्हे. प्रत्येक अ‍ॅडिटिव्हला आयएनएस हा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो: टार्ट्राझिन म्हणजे आयएनएस १०२, सनसेट यलो ११०, कार्मोइसिन १२२, पाँसो ४आर १२४, एरिथ्रोसिन १२७, ब्रिलियंट ब्ल्यू १३३. सोडियम बेंझोएट २११, पोटॅशियम सॉर्बेट २०२, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २२४. हा क्रमांक सापडेपर्यंत पुढे जाऊ नका, कारण पुढचा सगळा शोध त्याच्यावरच चालतो. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. बाजारात मिळणारे बरेच रंग मिश्र असतात. "खायचा हिरवा" म्हणून विकला जातो तो अनेकदा टार्ट्राझिन आणि ब्रिलियंट ब्ल्यूचा मेळ असतो, शिवाय त्यात मीठ किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असतं. डब्यावर "रंगद्रव्य किती टक्के" ते छापलेलं असतं, तो आकडा वहीत उतरवून ठेवा.

सुट्या पुडीतला रंग घेऊच नका. जांभळी नाक्यावर घ्या, एपीएमसीच्या मसाला मार्केटात घ्या, पण सीलबंद डबा घ्या. त्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख हवी. विक्रेत्याकडून त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागून घ्या. त्यात दोन ओळी बघायच्या. पहिली, शुद्धता. दुसरी, जड धातू. टार्ट्राझिनसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शिशाची मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम ठरवली आहे. रंगावरचे सुरक्षा अभ्यास या शुद्धतेच्या मालावर झालेले असतात. कापड रंगवण्याच्या दर्जाचा माल वापरला, तर त्या अभ्यासांचा तुमच्या बाटलीशी काही संबंध उरत नाही.

मेटॅनिल यलो आणि ऱ्होडामाइन बी ही दोन नावं पाठच करून ठेवा. दोन्ही औद्योगिक रंग आहेत आणि खाण्यात त्यांना पूर्ण मनाई आहे. तरी पिवळ्या मिठाईत मेटॅनिल यलो सापडतो आणि बुढ्ढी के बालमध्ये ऱ्होडामाइन बी. २०२४ मध्ये तामिळनाडू आणि पुद्दुचेरीने बुढ्ढी के बालवर बंदी घातली, ती याच रंगामुळे.

पायरी २: तक्त्यात आपली जागा शोधा

अन्न सुरक्षा आणि मानके नियमावली २०११ मध्ये आली आणि तेव्हापासून तिच्यात सतत दुरुस्त्या होत आहेत. तिच्या परिशिष्टात खाद्यप्रकारांनुसार तक्ते आहेत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांचे, जगभर वापरले जाणारे वर्गक्रमांक तिथेही आहेत. पाण्यावर आधारित चवीची पेयं १४.१.४ मध्ये, लोणची वेगळ्या क्रमांकात, मिठाई आणखी वेगळ्या. आधी आपला वर्ग शोधायचा, मग त्या रांगेत आपला आयएनएस क्रमांक, मग समोरची कमाल मात्रा. एफएसएसएआयच्या संकेतस्थळावरून एकत्रित नियमावली उतरवून घ्या आणि तिच्यावरची तारीख बघा. कोणीतरी पाठवलेली चार वर्षांपूर्वीची पीडीएफ यासाठी चालत नाही.

लोणच्यात चालतं म्हणून मसाल्यात चालेल, असा हिशेब इथे लागत नाही. हळद, मिरचीपूड यांत कोणताच कृत्रिम रंग चालत नाही, थेंबभरसुद्धा नाही.

बेंझोएटच्या बाबतीत घोळ होतो तो एककाचा. मर्यादा दिलेली असते बेंझोइक आम्लाच्या रूपात आणि आपण विकत घेतो सोडियम बेंझोएट. १ ग्रॅम सोडियम बेंझोएटमध्ये बेंझोइक आम्ल भरतं सुमारे ०.८५ ग्रॅम. म्हणजे लिटरमागे ६०० मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल हवं असेल, तर सोडियम बेंझोएट सुमारे ७०८ मिलिग्रॅम लागेल. पुढच्या हिशेबासाठी सिरपमध्ये ६०० धरतो. तुमच्या वर्गाची प्रत्यक्ष मर्यादा मात्र चालू तक्त्यातूनच घ्या.

पायरी ३: त्या आकड्यामागे काय उभं आहे, ते वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला मात्र तीच सगळ्यात मोलाची वाटते, कारण हे एकदा कळलं की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा भीतीचा संदेश आणि विक्रेत्याचं "काही होत नाही", दोन्ही आपल्याला आपल्यापुरते तपासता येतात.

अ‍ॅडिटिव्हची सुरक्षितता जगभर साधारण चार अंगांनी तपासली जाते.

पहिलं अंग, शरीरात गेल्यावर त्या पदार्थाचं होतं काय. सोडियम बेंझोएटचं यकृतात ग्लायसीनशी जोडकाम होतं, हिप्युरिक आम्ल तयार होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. टार्ट्राझिन मूळ रूपात फारसं शोषलं जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि त्यातला सल्फॅनिलिक आम्लाचा तुकडा शोषला जातो. म्हणजे तपासणी एकट्या मूळ पदार्थाची करून भागत नाही, त्याच्या तुकड्यांचीही करावी लागते. अ‍ॅस्पार्टेमपासून फेनिलअ‍ॅलनिन सुटतं, म्हणून फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांसाठी पाकिटावर वेगळी सूचना लागते.

दुसरं अंग, जनुकांना इजा होते का. इथली पहिली चाळणी म्हणजे एम्स चाचणी. ती बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात आणली. यात साल्मोनेला जिवाणूचे असे वाण घेतात, ज्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही. हिस्टिडिन जवळपास नसलेल्या थाळीत ते वाढूच शकत नाहीत. मग त्यांच्यात तपासायचा पदार्थ मिसळतात. जिवाणूंच्या जनुकांत बदल घडला, तर काहींना हिस्टिडिन बनवण्याची क्षमता परत मिळते आणि थाळीवर ठिपक्यांसारख्या वसाहती उगवतात. तपासायचा पदार्थ न मिसळलेल्या, नुसतं द्रावक घातलेल्या थाळीवरही थोड्या उगवतातच. बघायचं ते हे, की डोस वाढवत नेला तशा वसाहती वाढत गेल्या का. हीच चाचणी उंदराच्या यकृताचा अर्क घालून पुन्हा करतात, कारण काही पदार्थ यकृताने रूप बदलल्यावरच घातक होतात. किमान पाच वाण वापरावे लागतात. जोडीला पेशींवरची मायक्रोन्यूक्लियस चाचणी होते, तिच्यात गुणसूत्रांचे तुकडे पडतात का ते दिसतं. या दोन्हींत स्पष्ट दोष दिसला आणि पुढच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांनी तो खोडून काढला नाही, तर त्या पदार्थाला सुरक्षित मात्रा ठरवून देता येत नाही. असे पदार्थ तिथेच बाद होतात.

तिसरं अंग, दीर्घकाळ खाल्ल्याचा परिणाम. ९० दिवसांच्या प्रमाणित अभ्यासात उंदरांचे चार गट असतात. एक साध्या खाद्यावरचा, तीन चढत्या डोसचे. प्रत्येक गटात किमान १० नर आणि १० माद्या. वजन, खाणं, रक्त, शेवटी अवयवांची वजनं आणि पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. कर्करोगाच्या अभ्यासात प्रत्येक गटात नर-माद्या ५०-५० असतात आणि अभ्यास दोन वर्षं चालतो, कारण उंदराचं आयुष्यच साधारण तेवढं. चौथं अंग, प्रजनन आणि गर्भाची वाढ.

या सगळ्यातून एक डोस निघतो, ज्याच्यावर कोणताही वाईट परिणाम दिसला नाही असा सर्वांत मोठा डोस. त्याला १०० ने भागतात. उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी १०, आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी, म्हणजे मूल, म्हातारा, आजारी यांसाठी आणखी १०. आलेलं उत्तर म्हणजे एडीआय, रोज आयुष्यभर घेतली तरी चालेल अशी मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे. अ‍ॅस्पार्टेमचं उदाहरण सुटसुटीत आहे: ४००० भागिले १००, म्हणजे ४० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती, जेक्फा, १९५६ पासून हे काम करते आहे. युरोपात हेच काम एफ्सा करते.

अहवाल वाचताना तीन गोष्टी जरूर बघा. डोस कोणत्या मार्गाने दिला, खाद्यातून की टोचून? प्राण्यात दिसलेला परिणाम माणसाला लागू पडतो का? सॅकरिनमुळे नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या म्हणून अमेरिकेत १९७७ पासून पाकिटावर इशारा छापायचा नियम झाला. पुढे कळलं की त्या गाठी उंदराच्या लघवीच्या विशिष्ट घडणीमुळे होतात, आणि २००० मध्ये तो इशारा काढला. तिसरी गोष्ट, बातमी धोक्याच्या शक्यतेबद्दल आहे की प्रत्यक्ष जोखमीबद्दल? जुलै २०२३ मध्ये कर्करोग संशोधन संस्था आयएआरसीने अ‍ॅस्पार्टेमला "कर्करोगकारक असू शकेल" या गटात टाकलं. त्याच दिवशी जेक्फाने ४० ची मर्यादा कायम ठेवली. पहिली संस्था सांगत होती पुरावा किती, दुसरी सांगत होती मात्रा किती. ७० किलोच्या माणसाला ती मर्यादा ओलांडायला डाएट सोड्याचे रोज ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. बातम्यांचे मथळे मात्र पहिल्या निष्कर्षाचेच झाले.

समित्यांचं आपसात जमत नाही, असंही होतं. बेंझोएटचा एडीआय एफ्साने २०१६ मध्ये किलोमागे ५ मिलिग्रॅम ठेवला. जेक्फाने नव्या अभ्यासानंतर २०२१ मध्ये तो ५ वरून २० वर नेला. अशा वेळी लहान मुलं पिणार असतील तर मी लहान आकडा धरतो, आणि तुम्हीही तोच धरावा असा माझा आग्रह आहे.

पायरी ४: पंधरा किलोच्या मुलाचा हिशेब करा

सिरपमध्ये लिटरमागे ६०० मिलिग्रॅम. एकास चार पाणी घातलं की १२०. म्हणजे २०० मिलिलिटरच्या ग्लासात २४ मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल. मे महिन्याच्या दुपारी दोन ग्लास सहज जातात, म्हणजे ४८.

६० किलोच्या आईच्या वाट्याला येतात किलोमागे ०.८ मिलिग्रॅम. १५ किलोच्या मुलाच्या वाट्याला ३.२. एफ्साच्या ५ च्या मर्यादेत बसतंय, पण मुलाचा दिवसभराचा जवळपास दोन तृतीयांश कोटा एकट्या पन्ह्याने खाल्ला. त्याच दिवशी त्याने सॉस, जॅम, थंड पेय घेतलं तर? म्हणूनच हा हिशेब आईच्या वजनावर करायचा नाही. सिरप घट्ट करून पिणारी घरंही असतात, तेव्हा एकास तीनचाही हिशेब करून ठेवा.

आता रंग. तयार पेयात लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग धरला, तर दोन ग्लासांत ४० मिलिग्रॅम, मुलाच्या किलोमागे २.७. टार्ट्राझिनचा एडीआय एफ्साकडे ७.५, जेक्फाकडे १०, तेव्हा जागा आहे. सनसेट यलोचा ४, म्हणजे पुन्हा दोन तृतीयांश संपला. पाँसो ४आरला एफ्साने २००९ मध्ये ०.७ दिला आहे, आणि तिथे आपलं मूल मर्यादेच्या जवळपास चौपट पुढे जातं. तीच बाटली, तीच मात्रा, आणि नुसता रंग बदलल्याने उत्तर सुरक्षितवरून असुरक्षितवर गेलं.

सर्वांत कडक मर्यादा एरिथ्रोसिनची, ०.१. आंबट सरबतात हा रंग विरघळून राहत नाही, तळाशी बसतो, म्हणून तिथे कोणी वापरत नाही. पण गुलाबी-लाल मिठाईत आणि चेरीत तो असतो. १५ किलोच्या मुलाला दिवसाला १.५ मिलिग्रॅम चालतो. किलोमागे १०० मिलिग्रॅम रंग असलेली मिठाई असेल, तर १५ ग्रॅमला कोटा संपला. एक लहानसा तुकडा.

माझं स्पष्ट मत आहे की पन्ह्याला रंगाची गरज नाही. केशर किंवा हळदीतला कर्क्युमिन वापरा, नाहीतर कैरीचा स्वतःचा फिकट रंग राहू द्या. प्रिझर्वेटिव्ह बुरशी रोखतो, त्याची बाजू मांडता येते. रंग फक्त डोळ्यांसाठी आहे, तेव्हा त्याच्याबाबत जास्तच कडक राहायला हवं.

पायरी ५: चमच्याने घालू नका

कागदावरचा हिशेब बरोबर येतो आणि पातेल्यापाशी बिघडतो. घरच्या वजनकाट्याची अचूकता १ ग्रॅमची असते, त्याच्यावर ०.७ ग्रॅम मोजता येत नाही. म्हणून आधी द्रावण करा. १० ग्रॅम सोडियम बेंझोएट उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि एकूण १०० मिलिलिटर करा. आता १ मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम आहे. दहा लिटर सिरपला ७.०८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ७१ मिलिलिटर द्रावण लागेल. ते औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या मोठ्या सिरिंजने मोजा.

घालण्याचा क्रमही महत्त्वाचा. द्रावण साखरेच्या पाकात ढवळत ढवळत घाला आणि कैरीचा गर, सायट्रिक आम्ल त्यानंतर. आंबट गरात एका जागी घट्ट बेंझोएट ओतलं की तिथेच बेंझोइक आम्लाचे पांढरे कण बसतात, कारण हे आम्ल पाण्यात फार कमी विरघळतं. मग एका बाटलीत मात्रा दुप्पट आणि दुसरीत जवळपास शून्य. पहिली पिणाऱ्याला धोका, दुसरीत बुरशी.

आंबटपणाही मोजा. तो पीएचमध्ये मोजतात, पीएच जितका कमी तितका आंबटपणा जास्त. पीएच ४.५ च्या वर गेला तर बेंझोएट जवळजवळ निकामी ठरतं, मग मात्रा वाढवत नेण्याचा मोह होतो. पन्ह्याचा पीएच त्याच्या बराच खाली असतो, तिथे ते चांगलं काम करतं.

पायरी ६: बाटली उन्हात ठेवून बघा

बेंझोएट आणि क जीवनसत्त्व आंबट पेयात एकत्र आले, की ऊष्णता आणि प्रकाश मिळाल्यावर, धातूंच्या अंशांच्या मदतीने, सूक्ष्म प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं. बेंझीन हे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं आहे. २००५-०६ मध्ये अमेरिकेत काही थंड पेयांत ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंपन्यांना कृती बदलाव्या लागल्या. पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे.

कैरीत क जीवनसत्त्व आहे, आवळ्यात तर भरपूर. आपल्याकडे बाटल्या टेम्पोतून फिरतात, मंडपात दिवसभर तापतात. म्हणून ताज्या मालाची तपासणी पुरेशी नाही. एकाच बॅचच्या काही बाटल्या थंड अंधाऱ्या जागी ठेवा, काही गरम उजेडाच्या जागी, आणि विक्रीची मुदत संपताना दोन्हींची बेंझीन चाचणी करून घ्या. आवळा किंवा लिंबाच्या सरबतात तर मी बेंझोएट सुचवतच नाही. पोटॅशियम सॉर्बेट तक्त्यात बसत असेल तर ते घ्या, त्यातून बेंझीन होत नाही.

पायरी ७: प्रयोगशाळेत जाताना

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, रबाळे-महापे-तुर्भे भागात खाद्यतपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. निवडताना दोन गोष्टी बघा: एफएसएसएआयच्या अधिसूचित यादीत नाव आणि एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता. मान्यतेच्या व्याप्तीत तुमची नेमकी चाचणी आहे का, हेही विचारा. पाणी तपासायची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला सरबतातला रंग मोजायची मान्यता असेलच असं नाही.

"फूड टेस्टिंग करून द्या" असं सांगितलं, तर ऊर्जा-प्रथिनं-कर्बोदकांचा तक्ता हातात येईल. त्याचा इथे उपयोग नाही. लेखी मागणी अशी करा: बेंझोइक आम्ल, एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजण्याच्या) पद्धतीने, किलोमागे मिलिग्रॅममध्ये, कृत्रिम रंगांची ओळख आणि प्रत्येकाचं प्रमाण, बिगरमान्य रंग आहेत का, शिसं आणि आर्सेनिक, बेंझीन. अहवालात पद्धतीची मोजण्याची किमान मर्यादा छापून मागा. "आढळलं नाही" या शब्दांना त्या मर्यादेशिवाय अर्थ नसतो.

रंगाची ओळख पटवायची जुनी पद्धत बघायला मिळाली तर जरूर बघा. पदार्थाचा अर्क किंचित आम्लयुक्त करून त्यात पांढऱ्या लोकरीचा धागा उकळतात. कृत्रिम आम्लरंग लोकरीला धरून बसतो, धुतला तरी जात नाही. मग तो धागा अमोनियाच्या सौम्य पाण्यात घातला की रंग सुटून पाण्यात येतो. नैसर्गिक रंग सहसा असे वागत नाहीत. हे रंगीत पाणी कागदावर ठिपक्याने ठेवून वर चढू दिलं की मिश्र रंगाचे पट्टे वेगळे होतात. हिरवा म्हणून घातलेला रंग पिवळ्या आणि निळ्यात फुटलेला डोळ्यांसमोर दिसतो.

नमुना द्यायचा तो सीलबंद बाटल्यांचा, एकाच बॅचचा. तेवढ्याच बाटल्या मुदत संपेपर्यंत आपल्याकडे राखून ठेवा.

हळदीत किंवा मिठाईत मेटॅनिल यलो ओळखायची हायड्रोक्लोरिक आम्लाची चाचणी समाजमाध्यमांवर फिरते. तिच्यात एक पेच आहे. शुद्ध हळदही आम्लाने गुलाबी होते. पाणी घातल्यावर तो रंग गेला तर हळद, टिकला तर मेटॅनिल यलोचा संशय. पण तीव्र आम्ल स्वयंपाकघरात, मुलांच्या हाताशी आणू नका. ते काम प्रयोगशाळेवर सोडा.

पायरी ८: माणसांत काय दिसतं, तेही नोंदवा

एडीआय सर्वसाधारण माणसांसाठी असतो. अ‍ॅलर्जीसारख्या प्रतिक्रिया त्याच्याखालीही येऊ शकतात. सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना झटका येतो, म्हणूनच किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर लेबलवर ते जाहीर करावं लागतं. टार्ट्राझिनने थोड्या लोकांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात.

मुलांच्या चंचलपणाबद्दल सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती साउथॅम्प्टनच्या २००७ मधल्या अभ्यासाची. ३ वर्षांची १५३ आणि ८-९ वर्षांची १४४ मुलं, रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण असलेलं पेय, आणि जोडीला तसंच दिसणारं, पण ते रंग आणि बेंझोएट नसलेलं पेय. कोणत्या दिवशी कोणतं, हे पालकांनाही माहीत नव्हतं. चंचलपणात सरासरीने थोडी वाढ दिसली. पण ती सगळ्या मुलांत सारखी नव्हती, आणि मिश्रण असल्याने नेमका दोष कोणाचा हे सांगता आलं नाही. युरोपने मग २०१० पासून सहा रंगांच्या पाकिटांवर इशारा सक्तीचा केला. त्यातले १०२, ११०, १२२ आणि १२४ आपल्याकडेही सर्रास वापरले जातात.

ग्राहकाने "तुमचं सरबत प्यायल्यावर मुलाला पुरळ आलं" असं कळवलं, तर वाद घालू नका. बॅच क्रमांक, किती प्यायलं, किती वेळाने त्रास, त्या दिवशी आणखी काय खाल्लं, औषध कोणतं चालू आहे, हे लिहून घ्या. डॉक्टरांना दाखवायला सांगा आणि घटकांची पूर्ण यादी लेखी द्या. घरीच तोच पदार्थ पुन्हा पाजून खात्री करण्याचा प्रयोग कोणी करू नये, तो दवाखान्यात देखरेखीखालीच व्हायला हवा.

यादीत नसलेला घटक वापरायचा असेल तर

एखादा नवा वनस्पतीजन्य रंग किंवा गोडी आणणारा अर्क तक्त्यात नसेल, तर २०१७ च्या नियमावलीनुसार एफएसएसएआयची पूर्वपरवानगी लागते. अर्जासोबत सुरक्षिततेची माहिती द्यावी लागते. ती माहिती उभी करायची तर प्राण्यांवरचे अभ्यास जीएलपी, म्हणजे चांगल्या प्रयोगशाळा-पद्धतीचं, प्रमाणपत्र असलेल्या प्रयोगशाळेत, प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीने करावे लागतात. बचत गटाच्या आवाक्यातलं हे काम नाही. "नैसर्गिक आहे" या आधारावर घालून टाकणं हा पर्याय नाही, यादीतलाच घटक निवडा.

पायरी ९: दर वर्षी पुन्हा बघा आणि तक्रारीचा रस्ता माहीत ठेवा

पाव मऊ फुगावा म्हणून बेकऱ्या वर्षानुवर्षं पोटॅशियम ब्रोमेट वापरत होत्या. २०१६ मध्ये एफएसएसएआयने ते यादीतून काढलं. टायटॅनियम डायऑक्साइडला एफ्साने २०२१ मध्ये सुरक्षित म्हणायचं थांबवलं आणि युरोपने २०२२ मध्ये बंदी आणली. जेक्फाने मात्र २०२३ मध्ये आपलं जुनं मत कायम ठेवलं. एरिथ्रोसिनची परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली. म्हणून उन्हाळ्याचं उत्पादन सुरू करण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, तक्ता नव्याने उतरवून आपल्या प्रत्येक आयएनएस क्रमांकासमोर खूण करा.

विकत घेतलेल्या मालाबद्दल शंका असेल, तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. अट एवढीच, की खरेदी करतानाच विक्रेत्याला आपला हेतू सांगायला हवा. माल नियमबाह्य ठरला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. स्वतः तपासणी करायची नसेल, तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर तक्रार करा. बिल, उघडलेली बाटली, तिचं झाकण आणि लेबलचा फोटो जपून ठेवा. जमल्यास त्याच बॅचची एक सीलबंद बाटलीही. अधिकारी येतात तेव्हा नमुना कायद्यानुसार स्वतः घेतात आणि त्याचे चार भाग करतात, त्यामुळे दुकानात तीच बॅच शिल्लक असतानाच फोन करा.